शिक्का नुसता रबर होता तेव्हा

माझ्या शिक्क्याशिवाय आमच्या कॉलनीत कुणी कागदोपत्री जन्मत नव्हतं की मरत नव्हतं. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. म्हणजे थोडं मिरवण्यासाठीही सांगते, कारण बावीस वर्षं ती खुर्ची मी सांभाळली आणि खुर्चीचा माज अंगाला चिकटतोच. नवरा म्हणायचा, "घरात भांडी घासतीस आणि ऑफिसात गेलीस की कलेक्टर हुतीस." मी चिडायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं.

कोल्हापूर शहरातून बाहेर पडलं की ऊस सुरू व्हायच्या आधी आमच्या कंपनीची भिंत सुरू होते. आत लोखंड ओतायची फौंड्री, आणि फौंड्रीच्या मागे कामगारांची कॉलनी. या कॉलनीला सरकारनं फार पूर्वी औद्योगिक नगरी म्हणून जाहीर केलं होतं. याचा साधा अर्थ असा की भिंतीच्या आत ना ग्रामपंचायत, ना नगरपालिका. रस्ते, दिवे, पाणी, घरपट्टी, बांधकामाचा परवाना, जन्ममृत्यूची नोंद, सगळं कंपनीकडे. लोकांनी निवडून दिलेलं तिथं कुणीच नव्हतं. कंपनीचा एक 'नगर विभाग' होता आणि तोच आमचं सरकार. नगर अधिकारी म्हणून एका इंजिनिअरांचं नाव होतं, पण ते भट्टीकडेच असायचे. त्यांच्या वतीनं सही माझी आणि शिक्काही माझा.

मी मूळची कोडोलीची. माझ्या माहेरी पाणी आलं नाही तर बायका घागरी घेऊन सरपंचाच्या दारात बसायच्या आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. कॉलनीत पाणी कधी जातच नव्हतं, त्यामुळे शिव्या द्यायची वेळ आली नाही. आली असती तर कुणाला द्यायच्या, हे मात्र मला तेव्हाही सांगता आलं नसतं. फौंड्रीच्या मोठ्या साहेबांच्या दारात घागर घेऊन कोण बसणार?

पाणी सोडायचं काम चाचांकडे होतं. सायकलच्या नळीला बांधलेली कमरेएवढी लोखंडी चावी घेऊन ते कॉलनीभर फिरायचे आणि चौकाचौकातल्या खड्ड्यात ती घालून व्हॉल्व्ह फिरवायचे. त्यांच्या घरात हेच काम चालत आलेलं. वडील शहरात पितळी नळ दुरुस्त करायचे, आजोबा भांड्यांना कल्हई लावायचे. आम्ही चाळीच्या एकाच रांगेत राहत होतो, मधे दोन दारं. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा यायचा, दिवाळीला माझ्याकडून करंज्या जायच्या. चाचा वयानं मोठे, तरी मला वैनी म्हणायचे.

त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. निवृत्त झालं की कंपनीची खोली सोडायची, हा नियम. बाहेर त्यांचं कुठंच काही नव्हतं. पण कंपनी जुन्या कामगारांना कॉलनीच्या मागच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ, छोटे प्लॉट लांब मुदतीच्या भाड्यानं देत होती, आणि ज्येष्ठतेनं एक प्लॉट चाचांना मिळाला. दोन खोल्या आणि पुढं पडवी, एवढंच त्यांना बांधायचं होतं. परवाना माझ्याकडून.

त्याच सुमारास कंपनीनं नवं सभागृह बांधलं. उद्घाटनाला आमच्या भागाचे नेते आले. मोठा माणूस, राज्याच्या सरकारात वजन असलेला. मंडप, फेटे, तुतारी, सगळं रीतसर झालं. मग आमचे मोठे साहेब बोलायला उभे राहिले. माणूस हुशार, पण टाळी मिळाली की त्यांची जीभ सैल सुटायची. म्हणाले, "आमच्या भिंतीच्या आत चोवीस तास पाणी असतं. भिंतीच्या बाहेर दोन दिवसांनी एकदा येतं. कारण विचाराल तर एकच आहे, आमच्याकडे निवडणूक होत नाही!"

मंडप हसला. मीही हसले. खरं सांगते, जोरात हसले आणि टाळ्याही वाजवल्या. नेतेही हसले. हात जोडून, मान हलवून हसले, आणि नंतर जेवताना त्यांनी पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला. राग आलेला माणूस दोनदा रस्सा मागतो का? हा प्रश्न मी पुढं अनेकांना विचारला. निम्मे म्हणाले, न्हाय मागत. निम्मे म्हणाले, वैनी, तुमाला राजकारण काय कळतंय?

काही दिवसांतच कुजबुज सुरू झाली की कॉलनीचा दर्जा काढणार आणि आम्हाला शेजारच्या गावाच्या पंचायतीत घालणार. कारणाबद्दल तीन मतं होती. कुणी म्हणायचं, ते भाषण भोवलं. कुणी म्हणायचं, छे, कंपनीनं सभेला मैदान दिलं नाही त्याचा राग. तिसरे म्हणायचे, नेत्यांनी काही माणसं कामाला लावायला सांगितली होती आणि मोठ्या साहेबांनी परीक्षा घ्या म्हणून सांगितलं. तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. तिन्ही खोट्याही असू शकतात. माझ्याकडे मात्र कुणी चौकशीला आलं की मी ठणकावून सांगायचे, "कायदा म्हणून काही असतो. कुणाला राग आला म्हणून सरकार असं उठून दर्जा काढत नाही."

चाचांचा अर्ज याच दिवसांत माझ्या टेबलावर आला. सोबत नकाशा होता, एका ओळखीच्या ड्राफ्ट्समननं काढलेला, स्वच्छ. फक्त त्यावर उत्तर दिशेचा बाण नव्हता.

मी अर्ज परत केला.

आमच्या विभागाची ती रीतच होती. नकाशावर बाण नसेल तर अर्ज परत. ही रीत कुणी घातली ते मला ठाऊक नाही, पण मी ती कडकपणे पाळायचे, आणि ओळखीच्या माणसाबाबत जरा जास्तच कडकपणे, म्हणजे कुणी म्हणायला नको की शेजाऱ्याचं काम पटकन केलं. चाचा काउंटरवर ओणवे होऊन म्हणाले, "वैनी, उत्तर कुठं हाय ते अख्ख्या कॉलनीला म्हाईत हाय की. जोतिबाचा डोंगर दिसतोय न्हवं त्या अंगाला? मग उत्तर ती."

"मला दिसतो डोंगर," मी म्हणाले. "नकाशाला दिसत नाही."

माझंच बोलणं मला इतकं आवडलं की घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं. तो हसला नाही.

ड्राफ्ट्समन यात्रेला गेलेला. मग आजारी पडला. चाचा तीन आठवड्यांनी बाण काढून आले. मी नकाशा उजेडात धरून पाहिला, सही केली आणि शिक्का मारला. शिक्का छान उमटला. चाचांनी कागद कपाळाला लावला आणि संध्याकाळी पायाची आखणी सुद्धा सुरू केली.

सगळं भराभर झालं. आयुष्यभर लोकांची घरं बांधणाऱ्या त्यांच्या भाच्यानं माणसं आणली. पाया भरला, भिंती चढल्या. स्लॅब पडला त्या दिवशी चाचांनी कामगारांना जेवण घातलं आणि आमच्या रांगेत घरटी एक डबा बिर्याणी पाठवली. मी स्लॅबखाली उभी राहून वर पाहिलं. नव्या सिमेंटचा वास येत होता आणि मला स्वतःचंच घर झाल्यासारखा आनंद झाला होता.

त्याच आठवड्यात इंजिनिअर साहेब पहिल्यांदाच माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि खाली बघून म्हणाले, "मॅडम, शिक्का कपाटात ठेवा. आपला दर्जा गेलाय."

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी राजपत्राची प्रत पुढं केली. तारीख कितीतरी मागची होती. हेड ऑफिसला पत्र आलं होतं, पण कोर्टात जायचं की नाही यावर वकिलांचा खल चालला होता, म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. मी जावकचं रजिस्टर उघडलं. दर्जा गेल्यानंतर मी नऊ दिवस शिक्के मारत होते. दहाव्या दिवसापासून कुजबुज ऐकून लोक थांबले होते आणि आमच्याकडे कामच आलं नव्हतं, नाहीतर तेही मारले असते. त्या नऊ दिवसांत एक मुलगी जन्मली होती, फौंड्रीत साचे करणारे एक जुने मोल्डर वारले होते, आणि चाचांना परवाना मिळाला होता. सातव्या दिवशी.

मी बोटांवर मोजलं. पहिल्यांदा अर्ज आला त्या दिवशी शिक्का मारला असता तर दोन आठवडे हातात होते. बाण नसता तरी घर कायदेशीर राहिलं असतं. घरी आले, कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले. डाळ करपली.

मुलीची नोंद पुन्हा नव्यानं झाली. मोल्डरच्या घरच्यांना पंचायतीत जाऊन माणूस खरंच गेलाय हे पुन्हा सांगावं लागलं. आणि चाचांच्या दारावर नोटीस चिकटली. विनापरवाना बांधकाम, महिन्याभरात स्वतःहून काढून घ्या, नाहीतर आम्ही पाडू.

चाचा ती नोटीस घेऊन माझ्याकडेच आले. दुसरीकडे कुठं जाणार? सरकारी भाषेतला कागद आला की तो माझ्याकडून वाचून घ्यायचा, ही कॉलनीची सवय. मी वाचून दाखवला. ते म्हणाले, "पर तुमचा शिक्का हाय की वैनी त्येच्यावर."

मी त्यांना नऊ दिवसांचं सगळं सांगितलं. बाणाचंही सांगितलं. त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग म्हणाले, "असू दे. तुमास्नी तरी काय ठावं." तेवढ्यानं मला रडू आलं.

आम्ही दोघं आधी पंचायतीत गेलो. ग्रामसेवक तरुण आणि सभ्य होते. मी इतकी वर्षं पंचायतीची माणसं म्हणजे ढिसाळ, असं धरून चालले होते. त्यांच्या टेबलावरचे कागद माझ्यापेक्षा नीट लावलेले होते. त्यांनी परवाना पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, शिक्का झकास उमटलाय. पण त्या दिवशी तो नुसता रबर होता." मला राग आला, आणि हे वाक्य तेही माझ्यासारखेच घरी जाऊन बायकोला ऐकवणार, असंही वाटलं. चाचांनी विचारलं, "मग आता काय करायचं?" ते म्हणाले, "आधी पाडा, मग नवा अर्ज करा. न्हायतर वरून सांगून येऊ दे. माझ्या हातात न्हाय."

पंचायतीबाहेर नळावर बायकांची रांग होती. आम्ही भिंतीतले, हे आमच्याकडे बघूनच त्यांना कळलं. एक म्हणाली, "आता कळंल की तुमास्नीबी." चाळीस वर्षं तिनं भिंतीपलीकडची आमची हिरवळ पाहिली असणार, दुपारच्या उन्हात पाणी पिणारी. ती चुकीचं बोलली का? मला वाटतं, नाही. पण मग चाचांचा स्लॅब पाडणं बरोबर का? तेही नाही. तिथून परत येईपर्यंत मी दोन्ही बाजूंनी वाद घातला, मनातल्या मनात, आणि दोन्ही बाजूंनी हरले.

मग कंपनी. अर्ज पहिल्यांदा आला तो दिवस आवकच्या रजिस्टरात होता, दर्जा जायच्या आधीचा. तेवढ्या पानाची नक्कल आणि कंपनीचं एक पत्र मिळालं असतं तर काहीतरी धागा हाताला लागला असता. पर्सोनेलच्या साहेबांनी पाणी दिलं, बसवलं आणि सांगितलं, "नगर विभाग आता अस्तित्वात नाही. त्यामुळे त्याच्या कागदांबद्दल कंपनीला काही सांगता येणार नाही. रजिस्टर वकिलांकडे आहेत."

"मी तुमच्यासमोर बसलेय," मी म्हणाले. "मी त्याच विभागात होते."

"तुमची बदली स्टोअरला झालीय ना?" ते म्हणाले.

बाहेर पडताना जिन्यात मोठे साहेब भेटले. मला वाटलं होतं, माणूस खचला असेल. पेपरात तसंच आलं होतं, कंपनीला दणका, मस्ती उतरवली वगैरे. पण ते प्रसन्न होते. म्हणाले, "बरं झालं हो. रस्ते, दिवे, गटारं, डोक्याचा ताप गेला. आता आपण फक्त लोखंड ओतायचं." मी चाचांच्या घराचं सांगितलं. त्यांनी खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "सुक्याबरोबर ओलं जळतंच." आणि जिना चढून गेले.

शिक्षा कंपनीला झाली, हे सगळे सांगत होते. मला ती शिक्षा कुठं शोधावी ते कळेना. फौंड्रीची भट्टी पहिल्यासारखी चालू होती. आमच्या रांगेतले दिवे मात्र गेले होते, आणि चाचा चावी घेऊन फिरायचे ते आता पंचायतीच्या वेळापत्रकानं, दिवसाआड.

महिना संपत आला तेव्हा नवरा म्हणाला, "ज्यानं तोडलंय त्येलाच जोडाय सांगा. दुसऱ्याला जमणार न्हाय." मला ते अपमानाचं वाटलं. चाचांना वाटलं नाही. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, मी शेजारीण म्हणून सोबत गेले, आणि आम्ही सकाळी नेत्यांच्या बंगल्यावर जाऊन पडवीत बसलो. पडवीत पन्नासेक माणसं. प्रत्येकाला चहा. कुणाच्या पोराची बदली, कुणाच्या शेतातला खांब. मी रागानं फणफणत गेले होते, आणि तिथल्या कपबशा स्वच्छ होत्या याचासुद्धा मला राग आला.

नेत्यांनी चाचांना पाहिलं आणि लांबूनच म्हणाले, "ओ चाचा! उद्घाटनादिवशी मला हातावर पाणी तुमीच घातलंसा न्हवं? या की म्होरं." चाचा गोंधळले आणि उठले. त्या दिवशी हात धुवायला पाणी त्यांनीच दिलं होतं खरं, मी सुद्धा विसरले होते. नेत्यांनी नोटीस वाचली. कपाळावर हात मारला. म्हणाले, "तुमचं घर कशाला जाईल? मला त्या कंपनीची मस्ती उतरवायची हुती, तुमची न्हवं. घाबरू नका."

ज्या माणसाला मी दोन महिने मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याचा हात चाचांच्या खांद्यावर होता. चाचांचे डोळे भरले होते. आणि मी, लाज वाटते सांगायला, मलाही बरं वाटलं.

पुढचं काम त्यांच्या पीएनं सांगितलं. माणूस झटपट बोलणारा. "परवाना चुकून दिला गेला, असं लिहिलं तर काही होणार नाही," तो म्हणाला. "चुकीला नियमात जागा नाही. पण फसवणूक झाली असेल तर तुम्ही पीडित ठरता. मग आम्ही वरून पत्र काढू आणि घर नियमित करून घेऊ. तेव्हा तक्रार द्या. अधिकार संपलेत हे माहीत असूनही कंपनीच्या माणसानं परवाना दिला आणि गरिबाला फसवलं. 'माहीत असूनही' हे शब्द पाहिजेतच, त्याच्यावर सगळं उभं आहे." मग त्यानं परवान्याची प्रत उलटीसुलटी करून पाहिली. "सही कुणाचीय? बाई दिसतीय कुणीतरी. तिचं नाव घाला."

चाचांनी पायातल्या चपलांकडे पाहिलं. मी चहाचा कप खाली ठेवला. पीएनं मला विचारलं, "तुम्ही ओळखता का हिला?"

"ओळखते," मी म्हणाले. "नाव घालते."

परत येताना चाचा माझ्या स्कूटीवर मागे बसले होते. कॉलनीच्या फाटकाशी उतरल्यावर म्हणाले, "वैनी, असं न्हाय करायचं. पडू दे घर." पण नोटिशीचे चार दिवस उरले होते, खोली सोडायची तारीख पुढं उभी होती, आणि ते हे बोलत असताना त्यांची नजर टाकीकडे, त्या स्लॅबकडे गेलेली मी पाहिली होती.

दुपारी मी स्वयंपाकघरात पाट मांडून बसले आणि तक्रार लिहिली. कॉलनीतले सगळे अर्ज मीच लिहायचे, तर हा दुसरं कोण लिहिणार? अक्षर माझं चांगलं आहे. 'सदर लिपिकेने आपले अधिकार संपुष्टात आल्याचे माहीत असूनही' इथपर्यंत आले आणि पेन थांबलं. खोटं लिहितेय, हे ठाऊक होतं. पण तीन आठवडे अर्ज अडवून ठेवला, तेव्हा कॉलनीत कुजबुज होती की नाही? होती. मी ऐकली होती की नाही? ऐकली होती. मग अगदीच माहीत नव्हतं असं म्हणता येईल का? मी वाक्य पूर्ण केलं आणि त्या लिपिकेच्या जागी माझं नाव, हुद्दा घातला.

चाचा आले, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचायला लागले. ते बोट 'माहीत असूनही'वर थांबलं.

"तुमास्नी म्हाईत हुतं, वैनी?"

"नव्हतं, चाचा."

"मग हितं काय लिवलंय?"

"तसं लिहावं लागतं. नाहीतर घर राहणार नाही."

ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. दुसऱ्यांदाही बोट तिथंच थांबलं. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. सही केली.

तक्रार पोचली तशी पाडापाडी थांबली आणि वरचं पत्र पंधरा दिवसांत निघालं. घर नियमित झालं. इकडे कंपनीनं मला लगेच मेमो दिला, कारण सगळी जबाबदारी एका लिपिकेवर जात असेल तर त्यांनाही हवंच होतं. ज्या दोघांचं भांडण होतं त्यांचं शेवटी एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे चूक माझी. मला माहीत नव्हतं, असं मेमोला उत्तर दिलं असतं तर तक्रार खोटी पडली असती आणि तक्रारीबरोबर ते घरही. मी 'मान्य' एवढंच लिहिलं. सर्व्हिस बुकात लाल शाईनं नोंद झाली आणि ती बातमी कॉलनीभर पसरली. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चांगलं केलंस की वंगाळ, मलाच कळंना झालंय."

चाचा निवृत्त झाले आणि नव्या घरात राहायला गेले. घरभरणीचा फातिहा वाचून झाला आणि त्यांनी आख्ख्या रांगेला जेवायला बोलावलं. पडवीत बायकांची पंगत होती. मी बसले होते. माझ्या शेजारी आमच्याच रांगेतली, वीस वर्षांची ओळख असलेली बाई होती. तिनं भाकरी मोडता मोडता सहज म्हटलं, "तुला म्हाईत हुतं तर आठ दिवस आदीच मारायचा हुतास की शिक्का. बिचाऱ्या म्हाताऱ्याला उगंच फिरवलंस."

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना हेच वाटत होतं. चाचा त्याच वेळी रश्श्याचं पातेलं घेऊन माझ्यासमोर आले होते. त्यांनी ऐकलं होतं. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि थांबले. एक शब्द पुरला असता, न्हवतं म्हाईत तिला, एवढाच.

"घ्या वैनी," ते म्हणाले. त्यांनी माझी वाटी काठोकाठ भरली आणि ते पुढच्या पानाकडे गेले.

कागद जपायचा म्हणून ते गप्प राहिले, की माझ्या अक्षरावर त्यांचाही विश्वास बसला, हे मला अजून कळलेलं नाही. मी रस्सा संपवला.